विमान लागणे : एका व्यथेच्या कारणमीमांसेचा इतिहास

१. शब्द आणि व्यथा

विमानप्रवासात भोवळ येणे, मळमळणे, घाम सुटणे, डोळ्यांपुढे अंधारी येणे अशा तक्रारी व्यवहारात एकाच वाक्यात सांगितल्या जातात. 'विमानात बरे वाटेनासे झाले' असे प्रवासी म्हणतो आणि ऐकणाराही त्यावर अधिक विचारणा करीत नाही. परंतु या एका वाक्याखाली निदान तीन भिन्न व्यथा वावरत असतात. पहिली गतीची, दुसरी उंचीवरील विरळ हवेची आणि तिसरी रक्ताभिसरण क्षणभर मंदावल्यामुळे येणाऱ्या मूर्च्छेची. या तिन्हींची लक्षणे प्रारंभी सारखी दिसतात. त्यांची कारणे मात्र निरनिराळी आहेत आणि त्यांवरील उपायही निरनिराळे आहेत. या तिहींची परस्परांपासून फारकत करण्यास मानवी बुद्धीला सुमारे चार शतके लागली. त्या फारकतीचा इतिहास संक्षेपाने मांडणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

या इतिहासाकडे वळण्यापूर्वी भाषेची साक्ष काढणे उपयुक्त ठरेल. भोवळ, घेरी, चक्कर आणि गरगरणे या मराठी शब्दांत वर्तुळाकार फिरण्याची एकच कल्पना आहे. भोवळ हा शब्द 'भोवणे' या क्रियापदाशी संबद्ध असून त्याचे मूळ संस्कृत 'भ्रम्' या धातूत आहे. भोवरा हा शब्दही त्याच कुळातला. माधवनिदानात मूर्च्छा, भ्रम, निद्रा, तंद्रा आणि संन्यास यांचा विचार एका प्रकरणात केलेला असला, तरी मूर्च्छा आणि भ्रम ही दोन नावे तेथे वेगळी ठेवलेली आहेत, ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. जग फिरते आहे असे वाटणे आणि जग नाहीसे होणे हे दोन अनुभव एक नव्हेत, याची जाणीव त्या विभागणीत दिसते.

वाहनाच्या गतीने होणाऱ्या त्रासासाठी मराठीने 'लागणे' हे क्रियापद योजिले आहे. 'बोट लागणे', 'गाडी लागणे' हे प्रयोग सर्वपरिचित आहेत. कोकणच्या किनाऱ्यावरून आगबोटीने मुंबईस ये-जा करणाऱ्या कित्येक पिढ्यांना बोट लागण्याचा अनुभव पाठ होता. त्या आगबोटी बंद पडल्या, पण प्रयोग टिकून राहिला. 'विमान लागणे' हा त्याच साच्यावर घडलेला प्रयोग होय. या रचनेत वाहन हा कर्ता असतो आणि पीडित व्यक्ती चतुर्थीत असते. ऊन लागणे, दृष्ट लागणे, ठेच लागणे यांच्या पंक्तीत हा प्रयोग बसतो. बाहेरची एखादी वस्तू माणसाला येऊन भिडते आणि त्याला बाधते, असा त्याचा भाव आहे. 'बोट धक्क्याला लागली' आणि 'बोट प्रवाशाला लागली' या दोन वाक्यांची घडण एकच आहे. धक्का अचेतन आणि प्रवासी सचेतन, एवढ्याच भेदाने अर्थ पालटतो. उलट भोवळ, घेरी, चक्कर आणि अंधारी यांच्यासाठी भाषा 'येणे' वापरते. तेथे अवस्था सांगितलेली असते, कारण सांगितलेले नसते. लोकभाषेतील हा भेद शास्त्राने पुढे केलेल्या भेदाशी किती जुळतो, हे पुढील विवेचनावरून ध्यानात येईल.

२. उंचीची व्यथा

विरळ हवेमुळे होणाऱ्या त्रासाचे प्रसिद्ध प्राचीन वर्णन होसे द अकोस्ता या स्पॅनिश जेझुइटाच्या १५९० साली प्रकाशित झालेल्या ग्रंथात आढळते. पेरू देशातील पारियाकाका ही डोंगरवाट चढताना त्याला व त्याच्या सोबत्यांना असह्य उमासे आले आणि आता प्राण जातात की काय असे वाटले. अकोस्ताने त्याचे कारण त्या उंचीवरील हवेच्या सूक्ष्म व तलम स्वरूपात शोधले. त्याची दिशा बरोबर होती. मात्र हा त्रास समुद्रावरील मळमळीच्या जोडीनेच त्याने विचारात घेतला. डोंगर आणि जहाज यांची अशी जी जोडी लागली, ती बराच काळ सुटली नाही.

१७८३ साली फ्रान्समध्ये मानवाने फुग्यातून आकाशात प्रवेश केला. २१ नोव्हेंबर १७८३ रोजी पिलात्र द रोझिए आणि मार्की दार्लांद हे मुक्त फुग्यातून प्रथम उडाले. त्याच वर्षी १ डिसेंबर रोजी जाक शार्ल हा पदार्थविज्ञानवेत्ता हायड्रोजन वायूने भरलेल्या फुग्यातून वर गेला. पहिल्या उतरणीनंतर तो एकट्यानेच पुन्हा वर चढला. हलका झालेला फुगा झपाट्याने सुमारे तीन हजार मीटर उंचीवर पोहोचला आणि शार्लच्या उजव्या कानात तीव्र वेदना उठली. हवेच्या दाबातील बदलाने कानाला होणाऱ्या पीडेची ही आरंभीची नोंद होय. शार्ल त्यानंतर पुन्हा कधी उडाला नाही.

एकोणिसाव्या शतकात वायुमंडलाच्या संशोधनासाठी अधिकाधिक उंच जाण्याची ईर्षा निर्माण झाली. ५ सप्टेंबर १८६२ रोजी इंग्लंडमधील वुल्व्हरहॅम्प्टन येथून जेम्स ग्लेशर आणि हेन्री कॉक्सवेल यांनी उड्डाण केले. सुमारे २९,००० फुटांच्या आसपास ग्लेशरला उपकरणांवरील आकडे वाचता येईनासे झाले. पाठोपाठ हातपाय लुळे पडले आणि तो बेशुद्ध झाला. कॉक्सवेलचे हातही थंडीने निकामी झाले होते. त्याने झडपेची दोरी दातांत धरून ओढली आणि फुगा खाली आणला. दोघेही वाचले.

१५ एप्रिल १८७५ रोजी 'झेनिथ' या फुग्यातून गेलेले तिघे तितके सुदैवी नव्हते. गास्तों तिसांदिए, जोझेफ क्रोसे-स्पिनेल्ली आणि तेओदोर सिव्हेल यांनी पॅरिसहून आरोहण केले. क्रोसे-स्पिनेल्ली व सिव्हेल यांनी आदल्या वर्षी पॉल बेर या शरीरशास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेतील निर्वात कोठडीत बसून प्राणवायूचा उपयोग स्वतः अनुभवला होता. त्यामुळे या खेपेस प्राणवायूमिश्रित हवेच्या पिशव्या सोबत होत्या. परंतु तो साठा अपुरा आहे असे कळविणारे बेरचे पत्र त्यांना वेळेवर मिळाले नाही. साठा थोडा असल्यामुळे तो अगदी गरज भासेल तेव्हाच वापरावयाचा, असे त्यांनी ठरविले. घात झाला तो येथेच. आठ हजार मीटरच्या सुमारास तिसांदिएला नळी तोंडाशी न्यावीशी वाटली, पण हात उचलेना. बोलावेसे वाटले, पण जीभ वळेना. आश्चर्य असे की, त्या क्षणी त्याला भय किंवा यातना जाणवली नाही. उलट एक प्रकारचा आनंदच वाटत होता, असे त्याने नंतर लिहून ठेवले. फुगा उतरला तेव्हा त्याचे दोन्ही सोबती मृत झाले होते. तिसांदिए वाचला, पण त्याची श्रवणशक्ती गेली.

पॉल बेरने १८७८ साली प्रसिद्ध केलेल्या वायुभारविषयक बृहद्ग्रंथात या प्रश्नाचा निर्णय लावला. उंचीवरील व्यथेचे कारण दाब कमी होणे हे प्रत्यक्षतः नसून त्या विरळ हवेतील प्राणवायूचा अंशभार कमी होणे हे होय, असे त्याने प्रयोगांनी सिद्ध केले. समुद्रसपाटीच्या मानाने ८,६०० मीटरवर हवेचा दाब जेमतेम एक-तृतीयांश उरतो. तेवढ्या दाबातही पुरेसा प्राणवायू पुरविला, तर माणूस शुद्धीवर राहतो.

'झेनिथ'च्या शोकांतिकेतून निघणारा निष्कर्ष प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. गतीची व्यथा माणसाला अतिशय हैराण करते, पण स्वभावतः ती प्राणघातक नसते. प्राणवायूच्या न्यूनतेची व्यथा प्राणघातक असते, पण ती पुष्कळदा हाकही देत नाही. जी ओरडते ती मारीत नाही आणि जी मारते ती ओरडत नाही. या दोहोंना एकच नाव देण्यातला धोका यावरून स्पष्ट व्हावा.

३. गतीची व्यथा : पोटाकडून कानाकडे

समुद्रावरील मळमळ मात्र मानवाला फार पूर्वीपासून ठाऊक होती. गतीने शरीर बिघडते हे नौकाप्रवासावरून दिसून येते, अशा आशयाचे सूत्र हिपोक्रातिसाच्या नावावर असलेल्या संग्रहात आहे. युरोपीय भाषांतील 'नॉशिया' हा मळमळीचा वाचक शब्द ग्रीक भाषेतील नौकावाचक 'नाउस' या शब्दापासून निघाला आणि तो शब्द संस्कृत 'नौ' याचा सगोत्र होय. म्हणजे आज विमानात बसलेला युरोपीय प्रवासी मळमळ सांगताना नकळत नौकेचेच नाव घेत असतो. थोर दर्यावर्दी नेल्सन याला आयुष्यभर बोट लागत असे आणि 'बीगल'वरील पाच वर्षांच्या सफरीत चार्ल्स डार्विन या त्रासाने वारंवार आडवा झाला होता. सवय आणि शौर्य यांपैकी कोणतीही गोष्ट या व्यथेपासून निश्चित संरक्षण देत नाही, हे दाखविण्यास ही दोन उदाहरणे पुरेत.

कारणमीमांसा मात्र दीर्घकाळ पोटाभोवती घोटाळत राहिली. उलटी पोटातून होते, तेव्हा बिघाडही पोटातच असला पाहिजे, असा हा सरळ तर्क. पोटातील अवयव हिंदकळतात किंवा मेंदूतील रक्ताचे प्रमाण पालटते, अशा उपपत्ती मांडल्या गेल्या. भोवळीचे अधिष्ठान कानात असावे ही कल्पना कोणालाच सहज सुचण्यासारखी नव्हती.

तिचा उगम अनपेक्षित ठिकाणी झाला. पुर्किन्ये याने १८२० साली स्वतःवर प्रयोग करून भोवळीचे बारकाईने वर्णन केले. त्याच दशकात फ्लुरां या फ्रेंच शरीरशास्त्रज्ञाने कबुतरांच्या अंतःकर्णातील अर्धवर्तुळाकार नलिका छेदून पाहिल्या. पक्षी बहिरे झाले नाहीत. त्यांचा तोल गेला आणि जी नलिका छेदली तिच्या प्रतलात ते डोके फिरवू लागले. या निरीक्षणाचा खरा अर्थ लागण्यास पुढे अर्धे शतक जावे लागले. १८६१ साली प्रॉस्पेर मेनिएर याने पॅरिसच्या वैद्यक अकादमीपुढे निबंध वाचून असे प्रतिपादन केले की, बहिरेपणा व कानातील नाद यांसह येणारे भोवळीचे झटके मेंदूतील रक्तसंचयाचे नसून अंतःकर्णाच्या विकाराचे असतात. या प्रतिपादनाला व्यावहारिक महत्त्व होते. मेंदूत रक्त साचले आहे असे समजून अशा रुग्णांचे रक्त काढण्याची पद्धत त्या काळी रूढ होती. चुकीचे नाव दिल्याने चुकीचा उपचार होतो, याचे हे ठळक उदाहरण होय.

१८७३ ते १८७५ या अल्प अवधीत व्हिएन्नाचा योझेफ ब्रॉयर, प्रागचा एर्न्स्ट माख आणि एडिंबरोचा अलेक्झांडर क्रम ब्राउन या तिघांनी स्वतंत्रपणे एकच सिद्धांत मांडला. अर्धवर्तुळाकार नलिकांतील द्रव डोके फिरताच जडत्वामुळे मागे रेंगाळतो आणि त्यावरून मेंदूला भ्रमणाची वार्ता मिळते. एकाच गतीने सतत फिरत राहिले, तर तो द्रव नलिकेबरोबर फिरू लागतो आणि वार्ता बंद पडते. थांबल्यावर तो उलट दिशेने रेटा देतो, म्हणून स्थिर उभ्या माणसाला जग फिरताना दिसते. माखच्या विवेचनाचा मथितार्थ असा की, अंतःकर्णाला वेग कळत नाही, वेगातील बदल कळतो. आकाशात ताशी शेकडो मैल वेगाने एका सरळ रेषेत जाणाऱ्या प्रवाशाला आपण स्थिर आहोत असे का वाटते आणि विमान किंचित खाली खचताच पोटात का धस्स होते, याचे उत्तर या सिद्धांतात आहे.

१८८१ साली आयर्विन या डॉक्टराने 'लॅन्सेट' नियतकालिकात लिहिताना समुद्राला वगळून 'गतिव्यथा' या अर्थाची व्यापक संज्ञा वापरली. त्यामुळे जहाज, घोडागाडी, झोपाळा यांचे त्रास एका जातीचे ठरले. पुढील वर्षी विल्यम जेम्स याने ५१९ मूकबधिरांची पाहणी प्रसिद्ध केली. त्यांपैकी १८६ जणांना गरगर फिरविले तरी मुळीच भोवळ येत नव्हती आणि अशा व्यक्तींपैकी ज्यांनी खवळलेल्या समुद्रावर प्रवास केला होता, त्यांना बोट लागली नव्हती. ज्यांचा अंतःकर्ण निकामी आहे त्यांना गतीची व्यथा होत नाही, हा या पाहणीचा निष्कर्ष होय. पोटाचा पक्ष येथे जवळजवळ निकालात निघाला.

या शाखेला प्रतिष्ठा मिळाली ती रॉबर्ट बारानी याच्या कार्याने. कानात थंड किंवा कोमट पाणी सोडून अंतःकर्णाची परीक्षा करण्याची पद्धत त्याने शास्त्रशुद्ध केली. १९१४ सालचे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक त्याला जाहीर झाले, तेव्हा तो रशियात युद्धकैदी होता. त्याच्या नावाने ओळखली जाणारी फिरती खुर्ची पुढे वैमानिकांच्या परीक्षेचे नेहमीचे साधन बनली.

४. प्रवासी विमान आणि दोन व्यथांची गाठ

पहिल्या महायुद्धानंतर, १९१९ साली, लंडन आणि पॅरिस यांच्या दरम्यान दैनंदिन प्रवासी उड्डाणे सुरू झाली. त्या काळची विमाने काही हजार फुटांच्या उंचीवरूनच जात. जमिनीच्या तापण्या-निवण्याने हवेत जे चढउतार होतात, त्यांचा जोर याच थरात अधिक असतो. त्यात यंत्राचा कर्कश आवाज आणि इंधनाचा दर्प यांची भर पडे. विमान लागणे ही त्या प्रवासाची सर्वसामान्य बाब होती.

१५ मे १९३० रोजी बोइंग एअर ट्रान्सपोर्टच्या विमानात एलेन चर्च ही पहिली हवाई परिचारिका म्हणून रुजू झाली. आरंभी नेमलेल्या आठही स्त्रिया प्रशिक्षित रुग्णपरिचारिका होत्या. विमानातील सेविकेचा व्यवसाय जन्मास आला तो आतिथ्यापेक्षा शुश्रूषेच्या पोटी, ही गोष्ट आज बहुधा विसरली गेली आहे. भारतात १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईस एका लहान पस मॉथ विमानातून टपाल आणले. टपालाच्या थैल्यांना विमान लागत नाही, म्हणून त्या सेवेच्या आरंभी हा प्रश्न उद्भवला नसावा. प्रवासी येताच तो उद्भवणे अटळ होते.

या त्रासावर अभियंत्यांना सुचलेला उपाय ढगांच्या आणि वादळांच्या वर जाण्याचा होता. वरच्या थरातील हवा पुष्कळ शांत असते. परंतु तेथेच पॉल बेरचा प्रश्न पुन्हा उभा राहिला. गतीच्या व्यथेपासून पळ काढावा, तर उंचीची व्यथा वाट अडवून उभी होती. शंभर वर्षे वेगवेगळ्या मार्गांनी चाललेले दोन इतिहास येथे एकमेकांस भेटले. विमानाच्या बंदिस्त कक्षात हवा दाबून भरणे हा त्यातून निघालेला मार्ग होय. १९४० साली सेवेत आलेले बोइंगचे स्ट्रॅटोलायनर हे असा कक्ष असलेले पहिले प्रवासी विमान. ८ जून १९४८ रोजी मुंबईहून कैरो आणि जिनेव्हा या मार्गे लंडनला निघालेले एअर इंडिया इंटरनॅशनलचे 'मलबार प्रिन्सेस' हे कॉन्स्टेलेशन जातीचे विमानही त्याच सोयीने युक्त होते. १९५२ साली 'कॉमेट' या जेट विमानाची प्रवासी सेवा सुरू झाली आणि प्रवासाची उंची आणखी वाढली.

कक्षातील दाब समुद्रसपाटीइतका ठेवावयाचा, तर विमानाचे कवच फार जड करावे लागते. म्हणून ८,००० फूट उंचीवरील दाब ही सामान्यतः मर्यादा ठरली. त्या उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे तीन-चतुर्थांश असतो. म्हणजे आजचा प्रवासी बाहेरच्या प्राणघातक विरळ हवेपासून सुरक्षित असला, तरी तो खऱ्या अर्थाने जमिनीवरच्या हवेतही नसतो. एका उंच डोंगरमाथ्यावर तो काही तास बसलेला असतो.

५. युद्ध आणि औषध

दुसऱ्या महायुद्धाने या प्रश्नाला अकल्पित निकड आणली. छत्रीधारी सैनिक, ग्लायडरमधून उतरविल्या जाणाऱ्या तुकड्या, शिकाऊ वैमानिक आणि लहान होड्यांतून किनाऱ्यावर चढाई करणारे पायदळ या सर्वांनाच गतीच्या व्यथेने ग्रासले. ओकून गलितगात्र झालेला सैनिक रणांगणात उतरताच लढू शकत नाही, हे सेनापतींना उमजले आणि संशोधनाला पैसा मिळाला. तथापि याच काळात वारंवार विमान लागणाऱ्या माणसाच्या ठिकाणी भीरुता किंवा मनोदौर्बल्य पाहण्याची प्रवृत्तीही बळावली होती. विल्यम जेम्सची पाहणी प्रसिद्ध होऊन साठ वर्षे झाली होती. बधिरांना जी व्यथा होत नाही, ती केवळ भित्रेपणाची असू शकत नाही, हा तिचा साधा अन्वयार्थ होता. पण शास्त्रातील सत्य छावणीपर्यंत पोहोचण्यास वेळ लागतो. ज्याच्या शीलावर अकारण डाग लागला, त्याच्या दृष्टीने हा विलंब क्षुल्लक नव्हता.

औषधांपैकी हायोसीन हे सर्वांत गुणकारी ठरले. खुरासानी ओवा आणि धोत्रा या वनस्पतींत ते आढळते. त्याच्या सेवनाने तोंडाला कोरड पडते आणि गुंगी येते. वैमानिकाला गुंगी परवडत नाही, म्हणून त्याचा उपयोग मर्यादित राहिला.

दुसरे औषध योगायोगाने सापडले. १९४७ साली बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात लेस्ली गे आणि पॉल कार्लिनर हे अंगावर पित्त उठण्याच्या विकारावर एका नव्या औषधाची परीक्षा पाहत होते. एका स्त्रीरुग्णाने असे सांगितले की, ट्रामने येताना आपल्याला नेहमी होणारा त्रास हे औषध घेतल्यापासून नाहीसा झाला आहे. दोघांनी ही गोष्ट हसण्यावारी नेली नाही. पुढील वर्षाच्या अखेरीस न्यूयॉर्कहून जर्मनीकडे निघालेल्या 'जनरल बॅलू' या सैनिकवाहू जहाजावरील तेराशेहून अधिक सैनिकांवर त्यांनी विधिवत चाचणी घेतली आणि १९४९ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. ड्रामामीन या नावाने ते औषध जगभर गेले. त्याच वर्षी आतून प्लॅस्टिकचा लेप दिलेली कागदी पिशवी अमेरिकेतील विमानांत आली. तिचे श्रेय गिल्मोर शेल्डाल या संशोधकाला दिले जाते. औषध आणि पिशवी यांचे सालही एकच असावे, हा योग मनोरंजक आहे.

६. विरोधाची उपपत्ती

कान हे या व्यथेचे द्वार आहे हे ठरले, तरी एक प्रश्न शिल्लक होता. कानातील विक्षोभाने भोवळ यावी हे समजण्यासारखे आहे, पण उलटी का व्हावी? शिवाय वाहन स्वतः हाकणाऱ्याला त्रास का होत नाही आणि डोळ्यांपुढे पुस्तक धरताच तो का वाढतो?

या प्रश्नांचे उत्तर १९३१ साली क्लेअरमाँट याने सूचित केले आणि जेम्स रीझन याने १९७० नंतरच्या दशकात, विशेषतः ब्रँड याच्यासह १९७५ साली लिहिलेल्या ग्रंथात, विस्ताराने मांडले. त्यांच्या मते व्यथेचे मूळ गतीत नसून साक्षींच्या विसंवादात आहे. बंद विमानात डोळ्यांना आसने आणि भिंती स्थिर दिसतात. अंतःकर्ण मात्र आपण वरखाली होत असल्याचे सांगतो. पूर्वानुभवावरून मेंदूने जी अपेक्षा बांधलेली असते, तिच्याशी या साक्षी जुळत नाहीत. सुकाणू हाती असलेल्याला पुढची गती आधी ठाऊक असते, म्हणून त्याला विसंवाद जाणवत नाही. काही दिवसांच्या सरावाने मेंदू नवी अपेक्षा बांधतो आणि त्रास शमतो. प्रवास संपल्यावर जमीन हलल्यासारखी वाटते, ती या नव्या अपेक्षेच्या अवशेषामुळे.

उलटी का, या प्रश्नावर मिशेल ट्राइझमन याने १९७७ साली एक धाडसी तर्क केला. निसर्गात डोळे आणि कान यांची साक्ष फुटते ती बहुधा विषबाधेत. विष पोटात गेले असेल तर ते बाहेर टाकणे हिताचे. म्हणून मेंदू अशा विसंवादाला विषबाधा समजून पोट रिकामे करण्याची आज्ञा देतो. १९८३ साली मनी व चेउंग यांनी अंतःकर्ण काढलेल्या कुत्र्यांत काही विषांमुळे होणारी उलटीही मंदावते असे दाखविले. त्यामुळे या तर्काला आधार मिळाला. सर्वांनाच तो मान्य आहे असे नाही. रिच्चिओ आणि स्टॉफ्रेगेन यांनी १९९१ साली शरीराचा तोल सावरता न येणे हेच मूळ कारण मानणारी प्रतिस्पर्धी उपपत्ती मांडली आणि तो वाद मिटलेला नाही.

मधल्या काळात अंतराळप्रवासाने या विषयाला नवे क्षेत्र दिले. ६ ऑगस्ट १९६१ रोजी उड्डाण करणाऱ्या गेर्मान तितोव्हला अंतराळात मळमळ जाणवली आणि ही व्यथा अंतराळातील भारहीन अवस्थेतही पाठ सोडत नाही, हे कळून आले. अमेरिकेत ॲश्टन ग्रेबिएल याच्या मार्गदर्शनाखाली गॅलॉडेट महाविद्यालयाशी संबंधित अकरा बधिर पुरुषांनी अनेक वर्षे प्रयोगांसाठी स्वतःस सादर केले. बहुतेकांचे अंतःकर्ण बालपणीच्या मस्तिष्कावरणदाहाने निकामी झाले होते. नोव्हा स्कोशियाजवळच्या खवळलेल्या समुद्रात ते पत्ते खेळत बसले आणि त्यांचे निरीक्षण करणारे संशोधकच आजारी पडले. समाजाने ज्यांना उणे मानले, त्यांच्याच देहाने येथे शास्त्राला प्रमाण पुरविले. भारतात बंगळूर येथे १९५७ साली वैमानिकी वैद्यकाची संस्था स्थापन झाली. १९८४ च्या एप्रिलमध्ये राकेश शर्मा यांनी अंतराळस्थानकात केलेली योगासने ही भारहीनतेला शरीर कसे तोंड देते, या जिज्ञासेचाच भाग होती.

७. तिसरी व्यथा

१९७४ साली ओहॅनलन व मॅकॉली यांनी असे दाखविले की, दर पाच सेकंदांस एक या मंद लयीच्या वरखाली हालचालीने सर्वाधिक मळमळ होते. जहाजाची लय याच्या जवळपास असते. उंचावरून जाणाऱ्या मोठ्या जेट विमानाची हालचाल बहुतांश वेळ सौम्य असते. परिणामी विमान लागण्याचे प्रमाण पूर्वीच्या मानाने फार घटले. जवळच्या पल्ल्याच्या उड्डाणांतील प्रवाशांची जी पाहणी २००० साली प्रसिद्ध झाली, तीत मळमळ सांगणारे शेकडा सुमारे ८ आणि प्रत्यक्ष उलटी झालेले शेकडा सुमारे अर्धा एवढेच आढळले.

पहिली व्यथा अशी मागे हटली आणि तिच्या आड दडलेली तिसरी पुढे आली. २००८ ते २०१० या काळातील पाच विमान कंपन्यांच्या ११,९२० वैद्यकीय प्रसंगांचे विवरण २०१३ साली प्रसिद्ध झाले. त्यांत मूर्च्छा किंवा मूर्च्छेचा पूर्वझटका यांचे प्रमाण ३७.४ टक्के, तर मळमळ किंवा उलटी यांचे ९.५ टक्के होते. साधारणतः ६०४ उड्डाणांमागे एक प्रसंग असे हे प्रमाण पडते. दीर्घकाळ बसून राहिल्याने रक्त पायांत साचते, कक्षातील हवा कोरडी असते, पाणी कमी व मद्य अधिक घेतले जाते, झोप मोडलेली असते आणि त्यात प्राणवायूच्या किंचित न्यूनतेची भर पडते. मग उठून उभे राहताच मेंदूचा रक्तपुरवठा क्षणभर अपुरा पडतो.

२००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात ५०२ व्यक्तींना जमिनीवरच्या कोठडीत निरनिराळ्या कृत्रिम उंचीवर ठेवले होते. ७,००० ते ८,००० फुटांच्या तुल्य दाबात तीन ते नऊ तासांनंतर अस्वस्थता वाढल्याचे त्यात दिसले. उलटपक्षी, गिर्यारोहकांना होणाऱ्या व्याधीचे प्रमाण मात्र उंचीनुसार लक्षणीय रीतीने बदलले नाही. २०११ साली सेवेत आलेल्या बोइंग ७८७ या विमानात कक्षाची मर्यादा ६,००० फुटांवर आणली गेली. अकोस्ताच्या डोंगरवाटेचा प्रश्न अशा रीतीने विमानाच्या आराखड्यात अद्याप जिवंत आहे.

या तिन्ही व्यथांचे उपाय एकमेकांच्या जागी चालत नाहीत. विमान लागलेल्याने पंखाजवळच्या आसनावर डोके स्थिर टेकून बसावे, दूरवर क्षितिजाकडे पाहावे किंवा डोळे मिटावे. मूर्च्छा येत असलेल्याला मात्र बसवून ठेवणे अहितकारक होय. त्याला आडवे करून त्याचे पाय उंच करावे लागतात. कक्षातील दाब अकस्मात गेला, तर प्रथम स्वतःच्या तोंडावर प्राणवायूचे आवरण चढविले पाहिजे, कारण तिसांदिएप्रमाणे हात उचलेनासा होण्यापूर्वीचा अवधी फार थोडा असतो.

८. समारोप

वरील विवेचनावरून दिसून येते की, या विषयातील प्रगती ही मुख्यतः भेद ओळखण्याची प्रगती आहे. अकोस्ताने डोंगर आणि समुद्र यांची जोडी लावली, बेरने ती तोडली. मेनिएरने कान आणि मेंदू यांची फारकत केली, जेम्सने कान आणि पोट यांची. प्रत्येक भेदाने कोणातरी रुग्णाची चुकीच्या उपचारातून अथवा अन्याय्य दूषणातून सुटका केली.

मराठी भाषेने 'विमान लागले' आणि 'विमानात भोवळ आली' अशी दोन वाक्ये स्वतंत्र ठेवली आहेत. पहिल्यात कारण वाहनावर ठेवलेले असते आणि पीडिताच्या शीलाला त्यात बाध येत नाही. दुसऱ्यात कारण रिकामे सोडलेले असते, आणि ते शोधण्याचे काम ऐकणाऱ्यावर पडते. पहिले वाक्य ऐकून पिशवी पुढे करणे पुरेसे होईल. दुसरे ऐकले असता प्रथम नाडी पाहिली पाहिजे.